टाळीच्या आधी

१

माझ्या बहिणीच्या वर्षश्राद्धाचं शूटिंग मीच करायचं, असं तिच्या सासरच्यांनी ठरवलं. विचारलं नाही, कळवलं. भागवतदाजींचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होतो.

“पाव्हणं, बाहेरचा माणूस काहून सांगावा? तुमी घरचेच की. महाराज मोठे हायत, मांडवात एलईडी लावून राहिलो. पुण्याच्या लोकायसाठी लाइव्ह बी करून टाका.”

घरचे! वर्षभरात एकदा पाणी विचारलं नाही, आणि आता घरचे. औंढ्यात नागनाथाच्या रस्त्याला माझा स्टुडिओ आहे. सप्ताह, कीर्तनं, लग्नं, सगळं मी नेटवरून दाखवतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. बायको मेली तर तिच्या भावाकडून तिचंच श्राद्ध दाखवून घ्यायचं, ही अक्कल त्याच माणसाला सुचावी.

मिना माझ्या पाठची. मागच्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत ती त्यांच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. लग्न झाल्यापासून जिथे ती रोज पाणी शेंदत होती तिथे पाय घसरला, आणि साऱ्या गावाने मान डोलावली. पंचनामा झाला, माती झाली, आणि मी ओरडत राहिलो तर लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, जाऊ द्या आता.

तरी मी हो म्हणालो. दर्शूसाठी. मिनाची पोरगी, प्रियदर्शनी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. वर्षभर तिला माझ्या घरी पाठवलं नव्हतं. दाजींचं दुसरं लग्न ठरत असल्याचं बाळापूरच्या बाजारात माझ्या कानावर आलं होतं. त्या घरात, त्या विहिरीशेजारी, मी ते लेकरू ठेवणार नव्हतो. कीर्तन संपलं की चार लोकांसमोर तिला गाडीत घालायचं आणि निघायचं. माझ्या बायकोने, सत्यशीलाने, तिच्यासाठी गादीसुद्धा घालून ठेवली होती.

२

आधी हे काम मी लॅपटॉपवर करायचो. तो मागच्या सप्ताहात उन्हात तापून कायमचा गेला. म्हणून या वेळी छोटा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर घेतला होता, पत्त्यांच्या जोडाएवढा. त्याला कॅमेऱ्याची केबल थेट लागत नाही, मध्ये कॅप्चर मॉड्यूल लागतं. अंगठ्याएवढी हिरवी पट्टी असते. एका बाजूला कॅमेऱ्याची केबल, दुसऱ्या बाजूने पांढरी चपटी रिबन बोर्डात. रिबन उलटी बसली तर तासभर डोकं फोडलं तरी काही दिसत नाही. मग सेटिंगच्या फाइलमध्ये मॉड्यूलचं नाव लिहायचं, बोर्ड बंद करून चालू करायचा आणि कॅमेऱ्याला पटवायचं की बाबा, पलीकडे टीव्ही आहे, चित्र सोड. त्याला तसं वाटल्याशिवाय तो चित्र सोडत नाही. दुकानात मी हे सगळं करून बघितलं होतं आणि ते व्यवस्थित चाललं होतं.

सकाळी पोचलो. अंगणभर मांडव. स्टेजवर मिनाचा मोठा फोटो, लग्नातला. त्यातली तिची नजर फोटोग्राफरकडे, म्हणजे माझ्याकडेच होती. कॅमेरा मी स्टेजसमोर, लोकांच्या मागे, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी लावला. माझ्या पाठीमागे वाळत घातलेली हळद रस्त्यापर्यंत पसरलेली, आणि रस्त्याला लागून ती विहीर. गाडी मी हळदीच्या दोन ढिगांमध्ये, मांडवाकडे तोंड करून उभी केली. दुसरी जागाच नव्हती.

केबलचे दोन फाटे करणारी डबी लावली. एक फाटा थेट एलईडीला, दुसरा कॅप्चर मॉड्यूलला. बोर्डाचं चित्र बघायला माझ्यापुढे वहीएवढा छोटा पडदा होता.

तेवढ्यात पंचफुलाबाई, म्हणजे मिनाची सासू, दर्शूला घेऊन आली. पोरगी उंच झाली होती. अंगावर नवा फ्रॉक, केसांना चप्प तेल. मला बघून ती पुढे झाली, तर म्हातारीने तिचं मनगट सोडलं नाही.

“मामाला काम करू दे, बाई. इकडं वायर हायत, करंट लागंल.”

“मावशी, वायरला मी आहे. सोडा तिला.”

“फुलं टाकायच्या टायमाला तिलाच बसायचंय फोटोपाशी. कपडे खराब व्हतील.” आणि घेऊन गेली. माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. तो मी खाली ठेवला, कारण माझा मला भरवसा नव्हता.

३

नवं यंत्र जोडलं की मी टाळी वाजवून बघतो. कॅमेऱ्यासमोर हात न्यायचे, टाळी वाजवायची आणि पडद्यावर ती किती उशिरा दिसते ते बघायचं. उशीर होतोच. चित्र आधी मॉड्यूलमध्ये जाणार, मग बोर्डात, मग पडद्यावर. जेवढा उशीर तेवढा आवाज मागे ढकलला की महाराजांचं तोंड आणि शब्द जुळतात.

मी हात पुढे केले आणि टाळी वाजवली. पडद्यावर काहीतरी खटकलं. पुन्हा वाजवली, या वेळी सावकाश, तळहात एकमेकांकडे हळूहळू नेत.

माझे हात अजून उघडे होते, आणि पडद्यावरचे मिटले होते.

मी तसाच थांबलो. पडद्यावरचे हात बाजूला झाले आणि खाली गेले. मग, माझ्या मनात नसताना, माझे तळहात एकमेकांवर आले आणि टाळी वाजली.

“झालं का चेकिंग?” मांडव-स्पीकरवाला वैजनाथ शेजारी येऊन उभा होता. बाळापूरचा माणूस, माझ्या ओळखीचा.

“वैजनाथ, हे बघ. टाळी आधी दिसून राहिली.”

“कोणाच्या आधी?”

“माझ्या आधी.”

त्याने एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. “शिवहारभाऊ, सकाळपासून काही खाल्लं का? आजचा दिवसच तसा हाय. बहीण व्हती तुमची. चहा पाठवतो.”

तो गेला. मला त्याचाही राग आला. दया दाखवणाऱ्या माणसाचा राग येतो तेव्हा आपलं काहीतरी बिनसलेलं असतं, हे कळत होतं. तरी आला.

४

डोकं चालवायला बसलो. बोर्ड चित्र साठवून ठेवू शकतो, म्हणून जुनं चित्र दिसू शकतं. एखादी फ्रेम गळू शकते, अडकू शकते. पण पुढचं चित्र तो आणणार कुठून? जे कॅमेऱ्याने बघितलेलंच नाही ते वायरमधून येणार कसं? म्हणजे चूक माझ्या डोळ्यांत. झोप नाही, पोटात काही नाही, आणि समोर मिनाचा फोटो.

बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. कॅमेऱ्याची केबल उपसली, तर पडदा तत्काळ काळा झाला, अगदी व्हायला हवा तसा. पुन्हा खोचली. रिबन काढली, पुसली, पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी चित्र आलं, स्वच्छ आलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा आणखी पुढे गेलेलं होतं.

कीर्तन सुरू झालं तेव्हा माझ्यापुढे एकाच कॅमेऱ्याची दोन चित्रं होती. एलईडीवर महाराज अभंगाचा चरण घेत होते. छोट्या पडद्यावर ते तोच चरण संपवून पाणी पीत होते. आवाज फक्त मांडवातला होता. छोट्या पडद्यावर सगळे मुके.

पहिल्या रांगेत एका बाईच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं, ती उठून बाहेर गेली. हे छोट्या पडद्यावर. मांडवात बाळ शांत झोपलेलं होतं. मी त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिलो. महाराजांनी एक दृष्टान्त सांगितला, टाळकऱ्यांनी आख्खा अभंग म्हटला, आणि मग ते बाळ रडायला लागलं. बाई उठली, पदर सावरला आणि बाहेर गेली.

घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. आणि घाबरलो म्हणून आणखी संतापलो. त्या घराने मला आधी रडवलं होतं, आता वेडं करायला बसलं होतं.

दाजी वाकून वाकून लोकांमधून आले. “पाव्हणं, पुण्याहून फोन येऊन राहिले. लाइव्ह कुठं हाय?”

“चालू होत नाही.”

“काहून? एवढ्या मोठ्या बाता मारता राव तुमी. आज तरी नीट करा. तिच्यासाठी करा.”

तिच्यासाठी! मी उठलोच होतो. वैजनाथने लांबून हात केला, बसा म्हणून. बसलो. दाजी टोपी नीट करत परत गेले आणि स्टेजपाशी, पहिल्या रांगेत, दुःखी माणसासारखे मान खाली घालून बसले.

५

दर्शूला फोटोपाशी बसवलं. मांडीवर फुलांचं ताट. ती कंटाळली होती आणि झेंडूच्या पाकळ्या काढत होती. एलईडीवर तिचं तोंड केवढं तरी मोठं दिसत होतं, हुबेहूब मिना.

मग मी छोट्या पडद्याकडे बघितलं.

पडद्यावरच्या दर्शूने मान वळवली. स्टेजच्या कडेला, जिथे कॅमेरा पोचत नव्हता, तिथून तिला कोणीतरी बोलावलं असावं. तिने ऐकलं. मग ती हसली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसत होती, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तसं. ताट खाली ठेवलं, उठली आणि चित्रातून बाहेर गेली.

जागा रिकामी राहिली. महाराज बोलत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. मग एका बाईने हात करून रिकाम्या जागेकडे दाखवलं. दाजी उठले. इकडे तिकडे बघितलं. आणि मग सगळेच उठले, महाराजांचे हात हवेत थांबले, आणि तो सगळा मांडव कॅमेऱ्याकडे धावत आला. दाजींची टोपी पडलेली. पंचफुलाबाई, जिला बसल्या जागेवरून उठवायला दोन माणसं लागतात, ती सगळ्यांच्या पुढे. दोन्ही हात वर, तोंड उघडं, ओरडत. आवाज नाही. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं मागे निघून गेली, कोणाचा तरी धक्का लागला, चित्र तिरपं झालं आणि मांडवाच्या कापडावर अडकून राहिलं.

मागे. माझ्या पाठीमागे. मी वळून बघितलं. हळद, रस्ता, विहीर. विहिरीवर कोणी नव्हतं.

बायका तशा दोन्ही हात वर करून कधी धावतात, ते मागच्या वर्षी मी बघितलं होतं. मला दुसरा अर्थ लागूच शकला नाही. तिला कोणीतरी बोलावणार होतं. कोण? म्हातारी समोर बसली होती, दाजी समोर बसले होते. मग कोणाकडे बघून ते लेकरू असं हसलं? मिनाचं नाव माझ्या मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं, कारण मिनाने असं केलं नसतं. केलं नसतं ना? वर्षभर त्या घरात ठेवलेल्या आपल्या पोरीला तिने बोलावून घेतलं, तर तिला मी काय म्हणणार होतो?

आख्ख्या अभंगाचा वेळ माझ्या हातात होता. कदाचित थोडा कमी.

६

वाकून मांडवाच्या कडेने गेलो, कापड उचलून बाहेर पडलो, आणि स्टेजच्या बाजूला आलो. तिथे कनातीला फट होती. दर्शू तीन हातांवर बसली होती. मी फटीत तोंड घातलं.

“दर्शू.”

तिने मान वळवली. ऐकलं. मग ती हसली.

ते हसू मी बघितलेलं होतं. तोंडाची तीच ठेवण, तेच थांबून मग हसणं. तिने ताट खाली ठेवलं तेव्हा ते कसं ठेवणार हेही मला माहीत होतं. त्याच क्षणी मी परत फिरायला हवं होतं, एवढं मला कळलं. पण परत फिरून काय? तिला तिथेच सोडून? त्या लोकांमध्ये? माझ्या डोक्यात वर्षभराचा राग उसळला आणि मी म्हटलं, बरं तर, बोलावणारा मीच. मग भ्यायचं कशाला? मी तिला विहिरीत नेत नव्हतो. मी तिला घरी नेत होतो.

तिचा हात धरला. घराच्या मागून, हळद शिजवायच्या बॉयलरजवळून, कुंपणाच्या कडेने आम्ही निघालो. जमीन ओली होती, शिजलेल्या हळदीचा उग्र वास नाकात भरत होता.

“मामा, कुठं चाललो आपुन?”

“माझ्या घरी. मामी वाट बघून राहिली.”

“आजीला सांगितलं?”

“सांगितलं.”

तिने मागे वळून बघितलं. “मंग गपचूप काहून चाललो? आईवानी?”

“आई गपचूप गेली होती?”

“व्हय. मला म्हणली, तू झोप.”

मी तिथेच थांबलो. वर्षभर मी ज्यांना खुनी म्हणत होतो त्यांच्याबद्दल हे लेकरू काय सांगत होतं? की त्यांनी तिला असं पढवलं होतं? पढवलंच असणार. पोरांना काय, जे सांगाल ते बोलतात. मी तिला उचललं आणि जवळजवळ पळत सुटलो. विहीर उजव्या हाताला राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही आणि दर्शूचं तोंड खांद्यावर दाबून धरलं.

गाडीच्या मागच्या बाजूने आलो. तिथला चिखल आणि हळदीचा ढीग ओलांडताना तिच्या पायातून काहीतरी निसटलं.

“मामा, माझी चप्पल.”

“राहू दे. नवी घेऊ.”

“आईनं घेतलीय ती.”

“म्हटलं ना, राहू दे!” मी ओरडलो. तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. ती मान वळवून मागे चपलेकडे बघत राहिली. तिला पुढच्या सीटवर बसवलं, दार ढकललं आणि फिरून माझ्या बाजूने आत बसलो.

७

विहीर मागे पडली होती. पोरगी माझ्याजवळ होती. छोट्या पडद्याने दाखवलेलं मी मोडून टाकलं, असं मला त्या क्षणी वाटलं आणि हसूही आलं. महाराजांचा आवाज स्पीकरवरून येत होता. किल्ली हातातून सुटून पायाखाली पडली. शिव्या देत वाकलो, चाचपडलो, सापडली.

वर बघितलं तर आवाज थांबला होता.

काचेतून समोर मांडव दिसत होता. एका बाईने स्टेजकडे हात केला. दाजी उठले. मग सगळे उठले आणि मांडव माझ्या दिशेने फुटला. कॅमेरा मध्ये उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं आली, धक्का लागून तो तिरपा झाला. दाजींची टोपी पडली. सगळं तसंच, कुठे काडीचा फरक नाही. फक्त या वेळी आवाज होता.

“विहिरीकडं बघा! आधी विहिरीकडं!” दाजी ओरडत होते. त्यांच्या आवाजात जे होतं ते मला वर्षभर हवं होतं. भीती. भोगा म्हटलं मनात. भोगा आता तुम्ही. अर्धी माणसं विहिरीकडे वळली, आणि मग कोणीतरी माझी गाडी बघितली.

पंचफुलाबाई सगळ्यांच्या पुढे. दोन्ही हात वर, पदर मातीत. ती विहिरीकडे वळली नाही. सरळ माझ्यावर आली.

घेऊन जायला आली होती. मनगट धरून, माझ्या डोळ्यांदेखत, पुन्हा. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. गाडी चालू केली. पुढे माणसं, दोन्हीकडे ढीग, रस्ता मागे. मी रिव्हर्स टाकला.

“शिवहारबापू, थांब! लेकरू! लेकरू!”

तिचे हात बॉनेटवर आपटले. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, गाडीच्या मागे, खाली लागली होती.

“लेकरू माझं आहे!” मी गर्जलो, आणि तिला ते दाखवायला शेजारी हात केला.

हात सीटवर पडला. सीट रिकामी होती, तिकडचं दार उघडं होतं, आणि गाडी मागे जात होती.